गाडीची ओढ गेली, खापर टर्बोवर

चिपळूणहून कऱ्हाडकडे येताना पोफळी मागे पडली की कुंभार्ली घाट सुरू होतो. माझी २०११ ची डिझेल हॅचबॅक हा घाट बहुतेक तिसऱ्या गिअरवर, एसी चालू ठेवून चढायची. तीन पावसाळ्यांपूर्वी एका संध्याकाळी ती दुसऱ्यावर आली. एसी बंद केला, तरी दुसऱ्यावरच. मग मागे एसटी लागली, एसटीने हॉर्न दिला, आणि शेवटी एका वळणानंतर ती आम्हाला ओलांडून गेली. आरशात पाहिले तर आमच्यामागे काळ्या धुराचा पट्टा. गाडीत चौघे आणि डिकीत तांदळाचे एक पोते, एवढाच भार.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजात दाखवली. तिथल्या माणसाने बॉनेट उघडण्याआधीच सांगून टाकले, "टर्बो गेलाय." आकडा चाळीस हजारांच्या आसपास. मी 'घरी विचारून सांगतो' म्हणालो आणि गाडी परत आणली. आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुने मिस्त्री आहेत. त्यांनी टॉर्च तोंडात धरली, गाडीखाली हात घातला आणि इंटरकूलरकडे जाणाऱ्या जाड रबरी होज पाइपच्या खालच्या अंगावरून बोट फिरवले. बोटभर लांबीची चीर होती. वरून दिसत नव्हती, इंजिन आयडलिंगला असताना कळत नव्हती. रेस वाढली, आतला दाब वाढला की ती उघडायची. नवा पाइप, दोन क्लॅम्प आणि मजुरी धरून काम दोन हजारांच्या आत झाले. टर्बो अजून तोच आहे.

टर्बो कधी जातच नाहीत असे मी म्हणत नाही. नोझल खराब होतात, पंप थकतो, इंजिन म्हातारेही होते. पण हे सगळे शेवटी तपासायचे असते, आणि आपल्याकडे बहुतेकदा तिथूनच सुरुवात होते. या लेखात तपासाचा क्रम सांगतो आहे. दहा ते अठरा वर्षांच्या कॉमन रेल डिझेल गाड्या मनात धरून लिहितो आहे, कारण रस्त्यावर आज त्याच जास्त दिसतात. फियाटचे १२४८ सीसीचे १.३ मल्टीजेट इंजिन तर मारुती, टाटा आणि फियाट अशा तिन्ही नावांच्या गाड्यांत बसले. आपल्या रांजणगावच्या कारखान्यातही ते तयार व्हायचे. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ चे नियम आले आणि मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या. तेव्हा पुढची काही वर्षे या जुन्या गाड्या सांभाळूनच चालवायच्या आहेत.

इंजिनाला नेमके काय लागते ते आधी पाहू. पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की हवेची झडप उघडते. डिझेलमध्ये हवा जवळजवळ मोकळीच आत येत असते; पाय दाबला की वाढते ते डिझेल. म्हणून ओढ कमी झाली की प्रश्न साधा असतो: डिझेल पुरत नाही, की हवा पुरत नाही? याशिवाय आणखी दोन शक्यता असतात. एक, दोन्ही पुरतात पण इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, काहीतरी बिनसल्याचे पाहून हात आखडता घेतो. दुसरी, इंजिन ठणठणीत आहे, पण त्याची ताकद चाकापर्यंत पोचत नाही.

ही शेवटची शक्यता आधी निकालात काढा, कारण ती दहा मिनिटांत कळते. चौथ्या गिअरमध्ये ताशी ४०-४५ च्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा झपकन वर गेला आणि वेग मागेच रेंगाळला, तर क्लच प्लेट घसरते आहे. इंजिनाला दोष देऊ नका. मग सपाट रस्त्यावर दहा किलोमीटर, शक्यतो ब्रेक न लावता, गाडी चालवा आणि उतरून चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. टेकवू नका, जवळ न्या. एकच चाक तापलेले असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही. कोकणातल्या, समुद्राकाठच्या गाड्यांत गंजलेल्या हँडब्रेक केबलमुळे मागचे चाक असे धरून राहते. टायरमधली हवा पाहा. आणि हसू नका, पण ॲक्सिलरेटरखालचे मॅटही पाहा. जाड रबरी मॅट पुढे सरकून पेडलखाली गोळा झाले की पेडल पूर्ण दाबलेच जात नाही. या कारणाने गाडी गॅरेजात नेलेली माणसे मला माहीत आहेत.

हे सगळे ठीक निघाले की सायलेन्सरकडे बघा. स्वतः चालवताना धूर नीट दिसत नाही, म्हणून मागून दुसऱ्या गाडीत कोणाला तरी यायला सांगा आणि चढावर पूर्ण पाय देऊन पाहा. धुराचा रंग हा फुकटचा रिपोर्ट आहे.

काळा धूर म्हणजे डिझेल आहे, पण त्याला जाळायला पुरेशी हवा नाही. तुंबलेला एअर फिल्टर, फाटलेला होज पाइप, उघडी अडकलेली ईजीआर झडप, थकलेला टर्बो हे सगळे या घरातले. नोझल गळत असेल तरी काळा धूर येतो, पण त्याचा नंबर नंतर. ओढ नाही आणि धूरही नाही, तर बहुधा डिझेलच कमी पोचते आहे, किंवा ईसीयूने ते मुद्दाम कमी केले आहे. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. पांढरा धूर येतोय आणि कूलंटच्या बाटलीतली पातळी दर आठवड्याला उतरते आहे, तर हेड गॅस्केटची शंका घ्या आणि गाडी लांब नेऊ नका. थंडीत सकाळी पहिली दोन मिनिटे वाफ निघते, ती वेगळी; तिची चिंता नको. निळसर धूर ऑइलचा.

रंगाबरोबर वेळही नोंदवा. खालच्या आरपीएमला, साधारण दोन हजारांपर्यंत, गाडी मेल्यासारखी आणि मग उचलते, की खाली ठीक आणि तीन हजारांच्या पुढे गळपटते? पहिली तक्रार बहुधा हवेची असते, दुसरी बहुधा डिझेलची. चालता चालता एकदम ताकद गेली, अडीच-तीन हजार आरपीएमच्या पुढे जाईना, आणि चावी बंद करून पुन्हा चालू केली की जणू काही झालेच नव्हते? ती ईसीयूची करामत. गॅरेजवाले याला 'गाडी लिम्प मोडमध्ये गेली' म्हणतात. आणि सहा-आठ महिन्यांत हळूहळू ओढ कमी होत गेली असेल तर मालकाला ते कळतच नाही. पायाला सवय होते. मेहुणा गाडी घेऊन जातो आणि परत येऊन म्हणतो, "दाजी, तुमची गाडी ओढत नाही हो." अशा मेहुण्याचा राग मानू नये.

हवेचा रस्ता

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. हवा एअर फिल्टरमधून आत येते, टर्बोत दाबली जाते, दाबल्याने तापते, म्हणून इंटरकूलरमध्ये थंड होते, आणि मग इंजिनात शिरते. या वाटेवर चार-पाच रबरी जोड असतात, आणि रबर उष्णतेने, ऑइलच्या वाफेने आणि वयाने मरते.

एअर फिल्टरपासून सुरुवात करा. झाकणाच्या क्लिपा सोडा, फिल्टर काढा, उजेडाकडे धरा. आपल्या भागात ऊसतोडीच्या हंगामात, कच्च्या रस्त्यांवर, फिल्टर पुस्तकात दिलेल्या किलोमीटरच्या निम्म्यातच भरतो. पंक्चरवाल्याकडच्या हवेने तो साफ करायचा असेल तर आतून बाहेर हवा मारा, बाहेरून आत मारलीत तर धूळ कागदात आणखी रुतते. हेही एक-दोनदाच, तिसऱ्यांदा सरळ नवा घाला. डब्याच्या तळाशीही हात घाला. पावसाळ्यात गाडी चार आठवडे उभी राहिली की उंदीर तिथे संसार मांडतात. कापूस, पेपरचे तुकडे, शेंगांची टरफले असा ऐवज मी स्वतः काढला आहे. उंदीर बारीक व्हॅक्यूम पाइपही कुरतडतात, त्याविषयी पुढे.

आता होज पाइप. इंजिन थंड आणि बंद असताना टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत प्रत्येक पाइप हाताने दाबत जा, खालच्या बाजूने विशेष. पाइपच्या आत ऑइलचा पातळ थर असणे नेहमीचे आहे. पण बाहेरून एखाद्या जागी ओलसर काळेपणा आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली, तर हवा तिथूनच बाहेर पडते. क्लॅम्पजवळ आणि वळणावर चिरा पडतात. गाडी चालवताना काचा खाली करून, भिंतीच्या कडेने, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय द्या. फुस्स असा आवाज भिंतीवर आपटून परत येतो. चांगल्या गॅरेजात कमी दाबाची हवा भरून साबणाच्या पाण्याने किंवा धूर सोडून गळती शोधतात. रस्त्यात पाइप फाटलाच, तर पुसून कोरडा करून त्याच्यावर जाड टेप घट्ट गुंडाळा आणि हळू घरी या. टेप दाबाला फार वेळ टिकत नाही, पण घर येते.

मग ईजीआर. सायलेन्सरकडे चाललेला थोडा धूर ही झडप परत इंजिनात सोडते, त्यामुळे नायट्रोजनची प्रदूषके कमी होतात. कल्पना चांगली, पण बारा वर्षांत झडपेवर आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये काजळी आणि ऑइल मिळून डांबरासारखा थर बसतो. झडप उघडी अडकली की इंजिन सतत आपलाच धूर ओढत राहते: खालच्या आरपीएमला मरगळ, काळा धूर, कधी आयडलिंगला थरथर. काढून क्लीनरने धुवून नवे गॅस्केट घालून बसवणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. सतत शहरात, चार-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत हा थर लवकर बसतो. 'पत्रा घालून ईजीआर बंद करून टाकू साहेब, कटकटच नको,' असे सुचवले जाते. करू नका. ते बेकायदा आहे, आणि पुष्कळ गाड्यांत ईसीयूला ते कळते आणि चेक इंजिनचा दिवा लागून राहतो.

टर्बो पाहायचा तो यानंतर. त्याआधी कोणी 'टर्बो गेला' म्हणत असेल तर 'शाफ्ट हलवून दाखवा' म्हणा. इंजिन थंड आणि बंद असताना टर्बोच्या तोंडावरचा पाइप काढला की आतले पाते दिसते. बोटाने ते फिरवून पाहा: मोकळे फिरले पाहिजे. कडेला किंचित हलते, ते चालते; ऑइलच्या थरासाठी तेवढी जागा ठेवलेलीच असते. पण आत-बाहेर हलत असेल, किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा असतील, तर निदान खरे आहे. शाफ्ट ठीक असेल तर टर्बोला आदेश देणारी बारीक रबरी नळी पाहा. पुष्कळ गाड्यांत टर्बोवरची दांडी व्हॅक्यूमवर हलते. ही नळी उष्णतेने कडक होऊन तडकते, किंवा वर सांगितलेल्या उंदरांच्या कामी येते. अशा गाडीत इंजिन चालू-बंद करताना टर्बोवरची दांडी सरकताना दिसते. मात्र साध्या, दाबावर चालणाऱ्या टर्बोत ती उभ्या गाडीत हलत नाही, तेव्हा हलली नाही म्हणून लगेच घाबरू नका. नळी मीटरवर मिळते, शंभर-दोनशे रुपयांत. तिच्याऐवजी अख्खा टर्बो बदललेला मी पाहिला आहे.

जुन्या, बिनटर्बोच्या गाड्यांबद्दल एक वाक्य. १९९८ ची पहिली डिझेल इंडिका १४०५ सीसीची होती आणि तिला टर्बो नव्हता. चार माणसे आणि एसी घेऊन ती खंडाळा रडत चढायची, ती बिघाडाने नव्हे. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटरला हवा दहा-बारा टक्के विरळ होते. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे. टर्बोवाली गाडी ही घट बरीचशी भरून काढते, बिनटर्बोची काढू शकत नाही.

डिझेलचा रस्ता

टाकीतली जाळी, पाइप, डिझेल फिल्टर, मोठ्या दाबाचा पंप, रेल, नोझल. यातला फिल्टर हा तुमच्या आवाक्यातला भाग आहे, आणि ओढ कमी होण्याचे एक स्वस्त कारणही तोच. लक्षण ठरलेले: गावात ठीक, हायवेला ओव्हरटेक करताना किंवा चढावर गळपटते, धूर नाही. थोडे थांबून निघालात की पुन्हा बरी चालते. इंजिनाला जास्त डिझेल लागते तेव्हाच फिल्टर अपुरा पडतो, हे त्यामागचे कारण.

फिल्टरच्या तळाला पाणी काढायचा पेच असतो. खाली काचेची बाटली धरून तो सैल करा. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने आधी तेच येते. बाटलीत दोन थर स्पष्ट दिसतात. पावसाळ्यात महिन्यातून एकदा हे करा. ट्रॅक्टरसाठी घरी बॅरलमध्ये ठेवलेले डिझेल वेळप्रसंगी गाडीत ओतणाऱ्यांनी तर नक्कीच. बाटलीत काळा चिकट गाळ आला, तर टाकीत पाणी साचून त्यात बुरशी वाढली आहे असे समजा. मग नुसता फिल्टर बदलून भागत नाही, टाकी उतरवून धुवावी लागते. फिल्टर किती किलोमीटरला बदलायचा ते गाडीच्या पुस्तकात आहे. जुनी गाडी विकत घेतली असेल तर मागच्या मालकाच्या शब्दावर न जाता पहिल्याच महिन्यात बदला.

बदलल्यावर एअर काढणे विसरू नका. काही गाड्यांत फिल्टरजवळ रबरी फुगा किंवा हातपंप असतो, तो कडक होईपर्यंत दाबायचा. टाकीत विजेचा पंप असेल तर चावी चालू करून काही सेकंद थांबायचे, बंद करायची, असे चार-पाच वेळा. तसेच सेल्फ मारत बसलात तर मोठ्या दाबाचा पंप कोरडा फिरतो, आणि त्या पंपाला डिझेल हेच वंगण आहे. फिल्टर बदलताना वाचवलेली पाच मिनिटे पंपावर निघतात. फिल्टरचे रबर नीट बसले नाही, तर गळती दिसत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते: सकाळी स्टार्ट व्हायला वेळ, मध्येच झटके. डिझेलची नळी पारदर्शक असेल तर बुडबुडे दिसतात.

फिल्टर नवा, तरी तेच? टाकीचे झाकण सैल करून चालवून पाहा. टाकीचा श्वास तुंबला असेल तर आत पोकळी होते आणि पंपाला डिझेल ओढता येत नाही. झाकण उघडताना जोरात हवा आत गेल्याचा आवाज आला तर दोष तिथे. मग टाकीतली जाळी. तिच्यावर कचरा चिकटतो आणि गाडी बंद केली की खाली पडतो, म्हणून अर्ध्या तासाने गाडी पुन्हा बरी चालते. हे लक्षण माणसाला वेडे करते.

यापुढे हात घालू नका. कॉमन रेलमध्ये आयडलिंगलाच साधारण २५० ते ३५० बार दाब असतो आणि पूर्ण पाय दिला की तो हजाराच्या बराच वर जातो. तुमच्या टायरमध्ये सव्वादोन बार असतो, म्हणजे अंदाज येईल. जुने मिस्त्री इंजिन चालू ठेवून एकेका नोझलची नळी पान्याने सैल करायचे आणि कोणता सिलिंडर मिस मारतो ते ओळखायचे. जुन्या पंपांच्या काळात ते चालून गेले. कॉमन रेलवर हा प्रयोग कोणी करू लागला तर गाडी बंद करा आणि चावी खिशात घाला. केसाएवढ्या फटीतून निघालेली धार कातडी भेदून आत जाते. बाहेरून टाचणी टोचल्यासारखे दिसते, दुखतही नाही, आणि आत बोट सडू लागते. असे झालेच तर मलम लावून घरी बसायचे नाही, लगेच मोठ्या हॉस्पिटलात जायचे आणि 'दाबाने डिझेल आत गेले आहे' हे स्पष्ट सांगायचे.

स्कॅनर काय सांगतो

स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा ब्लूटूथ स्कॅनर आता हजाराच्या आत मिळतो आणि मोबाइलवर आकडे दाखवतो. काही जुन्या गाड्या त्याच्याशी बोलत नाहीत. मग गॅरेजचा मोठा स्कॅनर. आलेला कोड लिहून ठेवा, लगेच पुसू नका. पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी. पी००८७ म्हणजे रेलमधला दाब कमी. पी०१०१ हवा मोजणाऱ्या सेन्सरचा, पी०४०१ ईजीआरचा. एक गैरसमज इथेच काढून टाकू: पी०२९९ चा अर्थ 'टर्बो बदला' असा होत नाही. माझा फाटलेला पाइपही हाच कोड देत होता. पी००८७ चा अर्थही 'पंप बदला' असा नाही. तुंबलेला फिल्टर तोच कोड देतो. कोड तक्रार सांगतो, कारण सांगत नाही.

कोडपेक्षा मला चालत्या गाडीतले आकडे जास्त उपयोगी वाटतात. शेजारी बसलेल्याच्या हातात मोबाइल द्या, स्वतः बघू नका. चावी चालू, इंजिन बंद असताना मॅनिफोल्डचा दाब १०० किलोपास्कलच्या जवळ दिसला पाहिजे; साताऱ्या-पुण्याच्या उंचीवर थोडा कमी. मग मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमपासून पूर्ण पाय. टर्बो आणि पाइप धड असतील तर हा आकडा दोन-अडीच हजार आरपीएमपर्यंत २०० च्या आसपास किंवा वर जातो. तो १२०-१३० वर अडकला तर हवेच्या रस्त्याला परत जा. दाब चढतो, पण रेलचा प्रत्यक्ष दाब ईसीयूने मागितलेल्या दाबाच्या मागे पडतो, तर डिझेलच्या रस्त्याला. एवढे दोन आकडे बघून गॅरेजात गेलात तर बोलणी वेगळी होतात.

दोन्ही ठीक आहेत आणि तरी ताकद येत नाही, तर ॲक्सिलरेटर पेडलचा सेन्सर आणि ब्रेकच्या दिव्याचा स्विच पाहून घ्या. ब्रेकचा स्विच बिघडला की ईसीयूला वाटते ड्रायव्हर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही दाबतोय, आणि तो डिझेल कमी करतो. पन्नास-पन्नास हजारांचे काम करूनही न सुटलेला त्रास या दोन-तीनशेच्या स्विचने सुटल्याची उदाहरणे गॅरेजवाले स्वतःच सांगतात.

नोझलवर शंका असेल तर 'रिटर्न टेस्ट करा' एवढेच म्हणा. चारही नोझलच्या रिटर्न नळ्या चार बाटल्यांत सोडतात आणि गाडी थोडा वेळ आयडलिंगला ठेवतात. एका बाटलीत इतरांच्या दुप्पट डिझेल आले तर तो नोझल झिजला. म्हणजे एक बदलायचा की चार, हे डोळ्यांना दिसते. पुष्कळ गाड्यांत नव्या नोझलवर कोरलेला कोड ईसीयूमध्ये भरावा लागतो. 'बसवला की झाले' म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका. टाकीत ओतायच्या क्लीनरच्या बाटल्यांवर माझा विश्वास नाही. झिजलेला नोझल कोणत्याही बाटलीने भरून येत नाही.

इंजिनाचे वय कळायला एक गावठी खूण आहे. गरम इंजिन आयडलिंगला ठेवून ऑइल भरायचे झाकण सैल करून नुसते जागेवर ठेवा. किंचित थरथरले तर ठीक. उडू लागले, वाफ भसाभस येऊ लागली, तर पिस्टनच्या रिंगांजवळून दाब खाली येतो आहे. ही फक्त खूण. खात्री कॉम्प्रेशन टेस्टनेच. कॉम्प्रेशन खरेच गेले असेल तर टर्बो, नोझल, पंप काहीही बदलून ओढ येणार नाही. इंजिन बांधायचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीशी ताडून पाहा. मी अशा वेळी गाडी विकायच्या मताचा आहे, घेणाऱ्याला खरे सांगून.

एक धोका सांगतो, कारण तो अचानक येतो. टर्बोचे सील फुटले आणि ऑइल थेट हवेच्या रस्त्यात गेले, तर इंजिन ते ऑइलच जाळून रेस होत राहते. चावी बंद केली तरी थांबत नाही. निळ्या-पांढऱ्या धुराचा लोट उठतो. घाबरून बॉनेट उघडू नका. ब्रेक घट्ट दाबून गाडी वरच्या गिअरमध्ये टाका आणि क्लच सोडून द्या, इंजिन बंद पडेल. तेही जमले नाही तर माणसे बाहेर काढा आणि लांब उभे राहा. गेले काही महिने ऑइल कमी होत असेल आणि निळा धूर येत असेल, तर हा इशारा आधीच मिळालेला असतो.

आणि टर्बो चांगला असेल तर चांगला ठेवा. तो मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑइल वेळेवर आणि पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचेच घाला. घाट चढून टपरीवर चहाला थांबलात तर लगेच चावी फिरवू नका. मिनिटभर आयडलिंगला राहू द्या.

गॅरेजात गेल्यावर 'पिकअप नाही' एवढेच सांगू नका. धूर कोणता, कोणत्या आरपीएमला, चावी बंद-चालू केल्यावर काय होते, फिल्टर कधी बदलला, हे चार मुद्दे कागदावर लिहून द्या. आणि काम झाल्यावर बदललेला प्रत्येक जुना भाग मागून घ्या, टर्बो असेल तर टर्बोसुद्धा. तो घरी आणा, बोटाने फिरवून पाहा.